खडकाखाली गेलेलं पाणी

“मी जमिनीत सोडलेलं पाणी तुमच्या विहिरीत आलंय, हे आठ दिवसांत सिद्ध कर. नाही जमलं, तर पुढचं भोक तुमच्या विहिरीला खेटून पाडीन,” असं गजमल्ल महाराजांनी फर्मावलं आणि सगळा दरबार केवडाकडे बघून गालातल्या गालात हसला.

केवडा ही रंगारवाडीची रंगारीण. तिच्या हातच्या लाल लुगड्यांना चार परगण्यांत मागणी होती. पण सहा महिन्यांपासून गावच्या विहिरीचं पाणी कडवट झालं होतं. लाल रंगात बुडवलेलं लुगडं मातकट होऊन बाहेर यायचं. म्हशी हौदाला तोंड लावून मान फिरवायच्या. मधूनच जमीन अशी हादरायची, की फळीवरची भांडी आपणहून खाली उतरायची.

हे सगळं सुरू झालं माळावरच्या भोकापासून. माळाच्या खडकात पेटता वायू कोंडलेला होता. महाराजांचे यंत्रशास्त्री भूधरपंत यांनी तो काढायची युक्ती शोधली. खोल भोक पाडायचं आणि वाळू अन् कसलेसे खार कालवलेलं पाणी वीस बैलांच्या दाबयंत्रानं त्यात असं कोंबायचं, की खडकाला भेगा पडून वायू वर यावा. वायू आलाही. नळ्यांतून घरोघर गेला. राजधानीच्या रस्त्यांवर दिवे लागले. फुंकणीनं डोळे लाल करून घेतलेल्या बायकांनी पंतांना ओवाळलं. पोटासाठी परमुलखात गेलेले गडी परत आले. केवडाचा भाऊ त्या दाबयंत्रावरच कामाला होता आणि तिची चूलही त्याच वायूवर पेटत होती. त्यामुळे गाव तक्रार करायला बिचकत होतं. पण चूल झकास पेटते आणि भातात घालायला धड पाणी नाही, हे केवडाला काही पटेना. ती एकटीच दरबारात आली.

पंतांनी महाराजांना आधीच समजावून ठेवलं होतं, की मध्ये चारशे हात खडक आहे, त्यातून पाणी वर चढणं अशक्य. शिवाय कुठलं पाणी कुणाचं, असं पाण्यावर नाव थोडंच लिहिलेलं असतं? आणि महाराजांच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली, की ती निघत नसे. एकदा त्यांनी चुकून रेड्याला बैल म्हटलं होतं, तर त्या वर्षी पोळ्याला अख्ख्या दरबारानं त्या रेड्याची पूजा केली होती.

केवडानं एकच मागणं केलं. उद्या भोकात जे पाणी जाईल, त्यात तिचा रंग कालवू द्यावा.

“वर आला तर माझा,” ती म्हणाली, “नाही आला तर गेला खड्ड्यात.”

पंत हसून म्हणाले, हवा तर गाडीभर ओत. तिनं खरोखरच गाडीभर ओतला. गावानं वर्षभरासाठी साठवलेली सगळी मंजिष्ठा, म्हणजे लाल रंगाची मुळं, उकळून तिनं तो रंग केला होता. रंग वाया गेला, तर विहिरीबरोबर गावाचा धंदाही जाणार होता.

मग ती विहिरीच्या काठावर बसून राहिली. मुदतीच्या सहाव्या दिवसापर्यंत पोहऱ्यात तेच कडवट, बिनरंगी पाणी. सातव्या दिवशी त्यावर किंचित लाली दिसली. आठव्या दिवशी सकाळी पोहरा वर आला, तो नवरीच्या शालूच्या रंगाचं पाणी घेऊन.

घागर घेऊन ती दरबारात हजर झाली. पंतांनी पाणी पाहिलं आणि क्षणभर चपापले, पण लगेच सावरले. रंगारणीच्या घरी रंगाला काय तोटा, मूठभर रंग हिनंच विहिरीत टाकला असेल, असं ते म्हणाले. महाराजांनीही घाईघाईनं मान डोलावली. पंतांच्या जागी असती, तर केवडाही हेच म्हणाली असती.

उत्तर शोधताना तिची नजर महाराजांवर गेली. वैशाखाचं ऊन, दोन्ही बाजूंनी पंखे चाललेले, आणि महाराज नाकापर्यंत शाल लपेटून बसलेले. शालीतून फक्त बोटं बाहेर होती. तिनं त्यांची नखं पाहिली. तशी नखं अख्ख्या राज्यात फक्त रंगाऱ्यांची असत.

तिनं विचारलं, “महाराज, आपल्या वाड्यातल्या विहिरीवर पहारा किती असतो?”

“चाळीस भालाईत,” महाराज ऐटीत म्हणाले. “चिमणीची छाती नाही तिथं चोच बुडवायची.”

“मग तिथं रंग टाकायला मी कशी पोचले असेन? शाल काढा महाराज, पंतांना बघू दे.”

महाराजांनी हळूच शाल खाली सरकवली. कालपर्यंत कापसासारखी असलेली दाढी त्याच विहिरीच्या पाण्यानं सकाळच्या आंघोळीत मस्त गुलाबी होऊन निघाली होती.

पडद्याआड पहिल्यांदा राणीसाहेब हसल्या. बिचाऱ्या सकाळपासून हसू दाबून बसल्या होत्या. महाराजांनी डोळे वटारले, दाढीवरून हात फिरवला, तळव्याकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू आवरेना.

हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, “तू जिंकलीस. पण पोरी, भोक बुजवलं तर राजधानी अंधारात जाईल आणि तीन हजार गडी घरी बसतील. त्याचं काय करू?”

“बुजवा असं मी कुठं म्हणाले? त्यात माझा भाऊही घरी बसेल. फक्त जिथं भोक पडेल, तिथं पंतांनी बायकामुलांसह बिऱ्हाड करावं आणि त्याच गावच्या विहिरीचं पाणी प्यावं.”

पंत ताडकन उठले. विचारांती त्यांना असं वाटू लागलं होतं, की भोक विहिरींपासून तीन कोस दूर पाडता येईल, त्याला आतून लोखंडी अस्तर देता येईल आणि वायूबरोबर वर येणारं घाण पाणी आतासारखं ओढ्यात न सोडता चुनेगच्ची हौदात साठवता येईल. म्हणे, काहीच अवघड नाही.

“मग हे सगळं आजवर का नाही सुचलं?” महाराज गरजले.

पंतांच्या वतीनं केवडानंच उत्तर दिलं. “आजवर तहान आमची होती, महाराज.”

महाराज इतके हसले, की मुकुट एका कानावर आला. त्यांनी केवडाला राज्यातल्या सगळ्या विहिरींची पारखी नेमलं, मंजिष्ठेच्या दोन गाड्या दिल्या, आणि विहिरीचं पाणी गोडं होईपर्यंत पंतांनी जातीनं रंगारवाडीला पाणी पोचवायचं, असा हुकूम सोडला.

ती निघाली, तसं त्यांनी तिला जवळ बोलावून हळूच विचारलं, की दाढीचा हा रंग कशानं जाईल.

“जायला तो काय कच्चा आहे?” केवडा म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.