सात रिकाम्या खुंट्या

फार पूर्वी, जिथे निम्मं वर्ष बर्फ पडतं आणि लोक बटाट्यावर दिवस काढतात अशा एका देशात, एक द्वारपाल राहत होता. राजवाड्याचा दरवाजा उघडायचा, राजा आला की कमरेत वाकायचं आणि दरवाजा लावून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. वाकून वाकून त्याची कंबर धरली होती.

राजाला मिशांचा आणि लढायांचा भारी शौक. शेवटच्या लढाईत त्याने होतं नव्हतं ते सैन्य घालवलं आणि एके सकाळी, कुणाचा निरोपही न घेता, बग्गीत बसून शेजारच्या देशात निघून गेला.

"आता राजा नको, आपलं आपण बघू," लोक म्हणाले. त्यांनी नव्वद पंच निवडले आणि राजवाड्यातच सभा भरवायला सुरुवात केली. भिंतीवर नव्वद खुंट्या ठोकल्या. पंच आत आला की द्वारपालाने त्याचा चेहरा बघायचा आणि त्याच्या नावाची लाकडी पाटी खुंटीवर अडकवायची. एरवी कितीही पंच आले तरी चाले. पण देशाचा मूळ कायदा बदलायचा असेल, तर निदान साठ पाट्या लागलेल्या हव्यात, असा नियम होता.

द्वारपाल या कामावर बेहद्द खूश होता. पाववाला, चांभार, शाळामास्तर, खाणीतला मजूर अशी माणसं आता त्या दारातून आत येत आणि आपली पाटी लागली ना, हे वळून बघत. त्यांच्यापुढे वाकावं लागत नसे.

सभा मात्र भांडकुदळ होती, हे कबूल केलंच पाहिजे. बटाट्याच्या गोणीचं माप किती असावं यावर तिने नऊ दिवस घालवले. बाहेर हाताला काम नव्हतं, चुली थंड पडत होत्या. लोक वैतागून म्हणू लागले, "यापेक्षा राजा काय वाईट होता?"

नेमका तेव्हा एक मोठ्या आवाजाचा माणूस चौकात उभा राहिला. तुमच्या दुःखाला पलीकडच्या गल्लीतले लोक कारण आहेत, असं तो रोज ओरडून सांगे. ते खोटं होतं, पण ऐकायला सोपं होतं. टाळ्या पडू लागल्या. सभेतले जुने, शहाणे समजले जाणारे पंच म्हणाले, "त्याला एक खुर्ची देऊ. आपल्या मुठीत राहील." आणि त्यांनी खुर्ची दिली.

खुर्ची मिळताच त्याने मागणी केली: चार वर्षं सगळा अधिकार मला एकट्याला द्या, आणि तसा ठराव सभेनेच करा. मूळ कायदा बदलायचा, म्हणजे साठ पाट्या हव्यातच. पण त्याला विरोध करणारे कितीतरी पंच त्याने आधीच तुरुंगात टाकले होते, काही देश सोडून पळाले होते. आता पाट्या लागणार कशा?

सभेच्या आदल्या दुपारी त्याचा कारभारी द्वारपालाकडे आला. "उद्या थोड्या पाट्या कमी पडतील. न कळवता जो गैरहजर, तो हजर धरायचा. कळलं?"

"पण साहेब, जो आलाच नाही त्याची पाटी लावू कशी?"

"हाताने लाव," कारभारी हसून म्हणाला. "नाहीतर ही तुझी राहायची दोन खोल्यांची जागा रिकामी कर. तुझ्यासाठी दुसरी खोली तयार आहे, गजांची."

द्वारपालाने घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने उठून पेटीतले लोकरीचे जाड मोजे काढले आणि त्याच्यापुढे ठेवले.

"हे कशाला?"

"अहो, तुम्हाला मी आज ओळखते का? तुरुंगात थंडी असते म्हणतात."

दुसऱ्या दिवशी भिंतीला लागून मोठ्या आवाजाच्या माणसाचे लाठीवाले उभे होते. पंच खाली मान घालून एकेक आत आले. द्वारपालाने शेवटची पाटी अडकवली. त्रेपन्न झाल्या होत्या.

"सातच तर कमी आहेत," मोठ्या आवाजाचा माणूस पहिल्यांदाच हळू बोलला. "लावून टाक. कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," द्वारपाल म्हणाला. "तेच माझं काम आहे."

तो ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "त्रेपन्न हजर! सदतीस गैरहजर!" काय छाती त्या माणसाची! अख्ख्या दिवाणखान्यात खरं बोलणारा तो एकटाच होता.

लाठीवाल्यांनी त्याला ओढत नेलं. कारभाऱ्याने सात पाट्या स्वतःच अडकवल्या, ठराव झाला, टाळ्याही झाल्या. त्यानंतर सभेची कुणाला गरजच उरली नाही.

पुढचं सांगताना जीभ जड होते. आधी पलीकडच्या गल्लीतली माणसं नेली, म्हातारी, बायका, तान्ही मुलंसुद्धा. ती परत आली नाहीत. मग त्यांची चौकशी करणारे नेले. मग शेजारच्या प्रत्येक देशाशी लढाई. चार वर्षांची बारा झाली, आणि मोठ्या आवाजाचा माणूस एका तळघरात संपला तेव्हा देशात धड छप्पर उरलं नव्हतं.

द्वारपाल जिवंत सुटला, दात पडलेला, काठी टेकत चालणारा. बायको त्याची वाट बघत होती. काही दिवसांनी त्रेपन्नांपैकी उरलेले काही पंच त्याच्याकडे आले आणि म्हणाले, "बाबा, आमचा काय दोष? सगळं कायद्यानेच झालं. आम्हाला कुठे काय माहीत होतं?"

द्वारपालाला त्यांचा राग आला नाही, कीव आली.

"कायद्याने नाही झालं," तो म्हणाला. "मी त्रेपन्न म्हणून ओरडलो होतो. आणि मी ओरडलो, तेव्हा तुम्ही सगळे तिथे हजर होता."

तात्पर्य: जुलमाला आपल्याकडून आधी एक लहानसं खोटं हवं असतं. ते नाकारणारा त्या दिवशी हरला तरी मोठाच ठरतो, आणि ऐकून गप्प बसणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.