दगडी मानकऱ्यांची शाल

एका राज्यात सत्काराची फार हौस होती, आणि सत्कार झालेला माणूस पुन्हा घरी येत नसे.

दरवर्षी शरद पौर्णिमेला, सूर्य मावळताना, राजा भर दरबारात एका लोकसेवकाला सोनेरी शाल पांघरी. राजभाट त्याची स्तुती गाई. स्तुती संपता संपता तो माणूस पायांपासून डोक्यापर्यंत दगडाचा होई. मग शाल उतरवून पेटीत ठेवत, पुतळा राजवाड्याच्या अंगणात उभा करत आणि टाळ्या वाजवत. "अमर झाला," असे म्हातारे म्हणत. तरुणांनी काही विचारले तर म्हणत, "तुम्हांला त्यातले काय कळते?"

ती शाल एका मांत्रिक विणकरणीने विणली होती. जो लोकांसाठी झिजेल त्याच्या खांद्यावर घाला, असे तिचे सांगणे होते. त्या वेळच्या राजाने ती पहिल्याच दिवशी आपल्या मेव्हण्याच्या खांद्यावर घातली. विणकरणीने शालीला शाप दिला आणि ती राज्य सोडून गेली. शाप कसा मोडेल, हे विचारायचे कुणाला सुचलेच नाही. सगळे टाळ्या वाजवत होते.

त्या वर्षीचा मान नगरप्रमुख विश्वंभराला मिळाला. पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला होता आणि नगरी वाचली होती. विश्वंभराला एकच मुलगी, उल्का. आई लहानपणीच गेलेली. सत्काराच्या सकाळी विश्वंभर आरशासमोर फेटा बांधत होता आणि उल्का दाराशी उभी होती.

"बाबा, जाऊ नका."

"राजाचे बोलावणे आहे, पोरी."

"आत्या अशीच गेली. दगड झाली."

"अक्का अमर झाली. आता मी तिच्या शेजारी उभा राहणार. जरा शेमला सारखा कर."

"आणि संध्याकाळी मी पान कुणाला वाढू? दगडाला?"

"उल्के! मोठ्यांच्या मानाच्या दिवशी अभद्र बोलू नये."

तिने शेमला सारखा केला. मग ती धावत राजवाड्याच्या अंगणात गेली.

तिथे पुतळ्यांची रांग होती. शेवटचा पुतळा आत्याचा, वैद्य हैमवतीचा. तिच्या दगडी खांद्यावर एका साळुंकीने घरटे केले होते.

"रडायचे असेल तर पलीकडे जा," साळुंकी म्हणाली. "पिल्ले झोपली आहेत."

"रडत नाही. चिडले आहे."

"मग ठीक. काय हवे?"

"शाप मोडायचा उपाय."

"मला ठाऊक नाही. दगड झाले त्यांना ठाऊक. ज्या कामासाठी शाल मिळाली, त्या कामाचा अंश ओठांना लाव. प्रत्येक जण एकदाच बोलेल. तळ्याचा मानकरी, झाडांचा मानकरी आणि तुझी आत्या, या तिघांना विचार. सूर्य मावळला की मात्र कुणी बोलणार नाही."

उल्का तळ्यावर गेली. तळ्यात एक सुसर राहत असे.

"पाणी कशाला?" सुसरीने विचारले.

"दगडाला पाजायला."

"ने," सुसर म्हणाली आणि बाजूला झाली.

उल्काने पाणी आणून तळ्याच्या मानकऱ्याच्या ओठांना लावले. पुतळा म्हणाला, "तळे लोकांनी खणले. मी नारळ फोडला." आणि पुन्हा गप्प झाला.

मग ती झाडांकडे निघाली. पण राजरस्त्यावर झाडे नव्हतीच. कुणी पाणी घालीना म्हणून ती झाडेच चालत नदीकाठी गेली होती. उल्का तिथवर पळाली. पान घेऊन परतली तेव्हा उन्हे कलली होती. पान ओठांना लावताच झाडांचा मानकरी म्हणाला, "झाडे मीच लावली. पुन्हा पाणी घालायला गेलो नाही."

उल्काला वाटले, कळले! हे खोटारडे होते म्हणून दगड झाले. पण मग आत्या? आत्या तर साथीच्या दिवसांत घरोघर फिरली होती. तिचे काय खोटे?

तिसरा अंश म्हणजे गुळवेलीचा काढा. तो आटायला वेळ लागतो. उल्का चुलीपुढे फुंकर घालत बसली आणि तिकडे नगारा वाजू लागला. बाबांची पालखी निघाली. काढा अजून पातळच होता. शेवटी तो उतरला तेव्हा सूर्य देवळाच्या कळसाला टेकला होता. हात पोळले तरी ती भांडे घेऊन पळाली आणि तिने काढा आत्याच्या ओठांना लावला.

आत्या म्हणाली, "घराघरांतल्या बायकांनी काढे उकळले म्हणून साथ हटली, भाट म्हणाला 'एकटीने', मला नाही म्हणायचे होते, पण सत्कारात मध्ये बोलू नये म्हणतात ना, पोरी."

उल्काला आता खरे कळले. खोटे कोण बोलले, हे शाल पाहत नव्हती. कोण ते ऐकून गप्प बसले, हे पाहत होती. आणि तिचे बाबा आयुष्यात कधी मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलले नव्हते.

ती दरबारात शिरली तेव्हा भाट रंगात आला होता.

"पुरात उडी घेतली विश्वंभराने!"

विश्वंभर गुडघ्यांपर्यंत दगड झाला.

"बाबा, तुम्हांला पोहता येत नाही!" उल्का ओरडली.

"कुणाची ही मुलगी?" म्हातारे कुजबुजले. "वळण म्हणून नाही."

"सत्कारात मध्ये बोलू नये," राजा म्हणाला. शिपायांनी तिला धरले.

"उपाशी राहून नगरीला जेवू घातले विश्वंभराने!"

दगड कमरेपर्यंत चढला. विश्वंभर हसतच होता, सत्कारात हसतात तसे. फक्त त्याचे डोळे भ्यायले होते.

"एकट्याने तारली नगरी विश्वंभराने! एकट्याने!"

दगड गळ्याशी आला.

"बाबा, आत्याला नाही म्हणायचे होते!" उल्का शिपायांच्या हातांतून झेपावत म्हणाली. "ती मला म्हणाली! गप्प राहिली म्हणून दगड झाली! मी ओरडून उपयोग नाही, बाबा. तुम्ही बोला!"

विश्वंभराने खिडकीतून अंगणाकडे पाहिले. त्याच्या हनुवटीचा रंग करडा होत होता.

"नाही," तो म्हणाला.

भाट थांबला. असे कधी झाले नव्हते.

"नाही, महाराज. मी एकटा नव्हतो. सारी नगरी दोर ओढत होती." छाती मोकळी झाली. "उपाशीही नव्हतो. कोळीवाड्यातल्या बायकांनी रांधले. मी तर दोनदा वाढून घेतले." कंबर मोकळी झाली. "आणि मला पोहता येत नाही. पाणी कुठून चढते, ते मी देवळाच्या चौथऱ्यावरून ओरडून सांगत होतो. घसा बसेपर्यंत. तेवढे मात्र मी केले."

पाय मोकळे झाले. त्याच क्षणी अंगणात गलका उठला. सारे पुतळे एकदम बोलत होते. "नाही, ते मी नव्हे!" "नाही हो, ते तर शेजाऱ्यांनी केले!" सर्वांत मोठा आवाज जुन्या राजाच्या मेव्हण्याचा होता. "मी तर काहीच केले नाही!"

राजा सिंहासनावरून उठला. "मग सत्कार करायचा तरी कुणाचा?"

"ते नंतर ठरवा," दारातून लंगडत येत आत्या म्हणाली. "आधी बसायला द्या. पायांचे तुकडे पडले माझ्या. आणि किती ही थंडी!"

विश्वंभराने आपल्या खांद्यावरची शाल काढून तिला पांघरली. सोनेरी रंग उडाला होता. साधी लोकरीची शाल राहिली होती.

"ऊब आहे हो हिला," आत्या म्हणाली.

तेव्हापासून त्या राज्यात स्तुतीच्या मध्ये नाही म्हणायची मुभा आहे. भाषणे फार आखूड झाली आहेत आणि मानकरी जेवायच्या वेळेला घरी पोहोचतात. तसे ते तुमच्याही घरी पोहोचोत.

त्या संध्याकाळी उल्काने तीन पाने वाढली. बाबांनी दोनदा वाढून घेतले.