भुरी आणि चिपळी

"...म्हणजे भुरीला तसंच चाटत राहू द्यायचं का, आक्का?"

मठातल्या जाणत्या साधिका अंबूआक्का ओसरीवर पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पोट बघा तिचं. एक केस उरलेला नाही. काल तर रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, जखम चिघळली तर हाताबाहेर जाईल."

शेंग फुटली. दाणे पातेल्यात पडले.

"मी तिला मरू देणार नाही," ऋजुता म्हणाली.

भुरी ही ऋजुताची मांजर. कॉलेजच्या दिवसांपासूनची सोबतीण. शिक्षण आटोपून ऋजुता टेकडीवरच्या या मठात साधनेला आली, तेव्हा टोपलीत बसून भुरीही आली. जागा नवी, माणसं नवी, खालच्या वस्तीतली कुत्री ऊठसूट भुंकणारी. भुरी अंग चाटू लागली, ती थांबेचना. आधी मांडी उघडी पडली, मग पोट.

तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला उलटीसुलटी करून तपासलं. पिसवा नाहीत, खरूज नाही. "घाबरलीय," ते म्हणाले. मलम दिलं. गळ्यात घालायला नरसाळ्यासारखा प्लॅस्टिकचा पट्टा दिला. आणि बजावलं, "तिला शांत ठेवा."

पट्टा घातला की भुरी भिंतींना धडकायची, अन्नाला तोंड लावायची नाही. तो काढावा लागला. मलम राहिलं, आणि शांत ठेवणं राहिलं.

ऋजुताने ते मनावर घेतलं. उपायही तिच्या हातातच होता.

या मठाचा रिवाज असा, की ध्यानाला बसल्यावर कुणाची मान कलली, कुणी चुळबुळ केली, की एकाने चिपळी वाजवायची. टक्. तेवढंच. बोलायचं नाही, रागवायचं नाही. हे काम नवख्याला सहसा मिळत नसे. ऋजुताला मिळालं होतं. एरवी दार करकरलं तरी दचकणारी ती, चिपळी हातात आली की ताठ बसायची. मठातले जुने साधक दामूअण्णा कुरकुरत, "पोरी, तुझ्या चिपळीपायी माझी झोपही गेली नि ध्यानही गेलं." ऋजुताला ती स्तुती वाटे.

आता तीच चिपळी ती भुरीसाठी वाजवत होती.

"चाटायला लागली की वाजवतेस?" आक्कांनी विचारलं.

"लगेच."

"मग थांबते?"

"थांबते की! जिथल्या तिथे."

"बरं... मग?"

ऋजुता हळूच म्हणाली, "मग माझ्याकडे बघते. आणि खाटेखाली जाते."

"तिथे काय करते?"

"...चाटते."

"मग तू?"

"मी खाट सरकवते."

आक्कांनी शेंगांनी भरलेलं सूप तिच्याकडे सरकवलं. "दे ती चिपळी इकडे. आणि पावटे सोल."

"आक्का, मी भुरीचं विचारतेय..."

"सोल."

ऋजुता बसली. एक शेंग सोलली, दुसरी घेतली. केसांची बट डोळ्यावर आली, तिने ती मागे सारली.

टक्.

ती एवढी दचकली, की शेंग हातातून उडाली.

"काय चुकलं?"

ऋजुताने शेंग उचलली. भुरी कुठे आहे म्हणून तिने आत पाहिलं.

टक्.

तिने सुस्कारा टाकला.

टक्.

"पण आक्का, मी तर नुसती..."

टक्.

अंगणातून दामूअण्णा चालले होते. ते थांबले. चेहऱ्यावर हसू मावेना. "आज टोकणाऱ्यालाच टोकणं का? चालू द्या, आक्का, चालू द्या. माझ्या वाटचे दोन जास्त द्या!"

ते गेले. ऋजुताचे कान तापले. आता काही झालं तरी हलायचं नाही, असं तिने ठरवलं. पाठ ताठ, नजर सुपात. दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं पातेल्यात, तेही तिला कळेना. कळत होता तो फक्त आक्कांचा हात. चिपळी धरून तो हवेत थांबला होता.

चिपळी वाजत नव्हती.

आता वाजेल... आता वाजेल...

वाजण्यापेक्षा हे वाईट होतं.

बोटाला काहीतरी झोंबलं. तिने खाली पाहिलं. अंगठ्याच्या नखाशेजारची कातडी सोलून निघाली होती. लाल ओल वर आली होती. ती कधी सोलली, कशी सोलली, तिला पत्ताच नव्हता.

आक्का त्या अंगठ्याकडे पाहत होत्या.

चिपळी वाजली नाही.

आक्कांनी ती दोघींच्या मधोमध जमिनीवर ठेवली आणि पुन्हा पावटे सोलायला घेतले.

ओसरी शांत झाली. इतकी, की आतल्या खाटेखालचा आवाज ऐकू येऊ लागला. खरखर... खरखर... खरबरीत जीभ उघड्या कातडीवरून फिरत होती.

ऋजुताचा हात चिपळीकडे गेला.

आक्कांनी पाहिलं नाही, की पाहिलं, कोण जाणे.

हात अर्ध्यावर थांबला. ऋजुताने तो मागे घेतला, मांडीखाली दाबला आणि त्यावर बसली. डोळे भरून आले. तिने दात घट्ट आवळले. ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने खरखर थांबली. कुणीही न थांबवता.

त्या दिवसापासून ऋजुताने भुरीला मलम लावणं सोडलं नाही, फक्त लावून झालं की ती तिथून उठायची नाही आणि टक लावून बघायचीही नाही. खाट पुन्हा भिंतीला लावली. खाली टोपली ठेवली, टोपलीत स्वतःची जुनी ओढणी. भुरी चाटायची. ऋजुता शेजारी बसून वाती वळायची, नाहीतर तांदूळ निवडायची. हात शिवशिवायचे. एकदा पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा ती रडली. पण वाती वळत राहिली.

पुढे कधीतरी भुरी खाटेखालून बाहेर येऊन तिच्या मांडीला टेकून झोपू लागली.

थंडी सरता सरता एका सकाळी ऋजुता धावत ओसरीवर आली. कडेवर भुरी. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला.

"आक्का, हे बघा! लव आली! हात लावून बघा ना... मखमल नुसती!"

आक्कांनी हात लावून पाहिलं. भुरीने जांभई दिली.

ऋजुता धपकन ओसरीवरच बसली. खांबाला डोकं टेकलं, डोळे मिटले.

"आणि गंमत म्हणजे, आक्का, मी काही म्हणजे काहीच केलं नाही."

"हो?" आक्का म्हणाल्या. "मग एवढी दमलीस कशानं?"