देवीची पावलं

कातळमाचीच्या देवळात मागच्या भिंतीवर देवी रंगवलेली आहे. मुकुट आहे, नथ आहे, हातात कणसं आहेत; पण लुगड्याच्या काठाखाली पाय नाहीत. पाहुण्यांनी विचारलं, की तानूकाकू गुरवीण हातातलं ओलं फडकं पिळत सांगायला लागतात.

फार मागे म्हणे सोनबा चितारी नव्या बायकोला, येसूला घेऊन इथे आला. चित्र पुरं होईपर्यंत दोघांपैकी कोणी शीव ओलांडणार नाही, असा शब्द त्याने देवीला दिला. चेहरा येसूचाच घेतला. इतका वेळ गप्प बसायला दुसरं कोण मिळणार? येसू बसली. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती. चित्र झालं की माहेरी जायचं होतं. नथ झाली, चोळी झाली, कणसं झाली. पाय तेवढे उरले.

तेव्हा पाटील आले. पलीकडच्या गावातून देवी निघून गेली आणि विहीर आटली, अशी बोलवा होती.

"सोनबा, पाय काढू नकोस. पाय दिलेस तर ही पण चालू लागेल."

"मग चित्र पुरं कसं व्हायचं, पाटील?"

"नाही झालं, तर तुझं काय अडलंय?"

सोनबाने कुंचला धुऊन ठेवला. येसू म्हणाली, "अहो, नखाएवढे काढा. कुणाला दिसायचे नाहीत."

"देवीला दिसतील ना," तो म्हणाला.

सुगीत आई गेल्याचा सांगावा आला. येसूने गेरू कालवला आणि देवीखाली स्वतःच दोन पावलं काढली, बोटं दाराकडे. गावाने ती पुसली. तिने पुन्हा काढली. या खेपेला गावाने फडकं सोनबाच्या हातात दिलं, आणि त्याने पुसली. त्यानंतर येसूने गेरूला हात लावला नाही, असं सांगतात.

इथली विहीरही म्हणे पुढच्या उन्हाळ्यात आटलीच. तरी पाय काढ म्हणून कोणी सोनबाकडे गेलं नाही.

आजही गावात नवी सून आली, की तिला आधी इथे आणतात. ती गेरूने पावलं काढते, बोटं दाराकडे. "काय सुरेख काढलीस गं!" बायका म्हणतात. मग तानूकाकू फडकं सासूच्या हाती देतात. सासूनेही कधीकाळी इथेच काढलेली असतात. ती नीट, कोपऱ्यापर्यंत पुसते. भिंतीवर थोडी लाली राहतेच. पण तिथे पावलं होती, हे त्या लालीवरून कळत नाही.