चाळीस मीटरवरची पाटी

"पण चाचा, तुम्हीच सांगा, मी गाडी सरळ चालवत होतो की नाही?"

हमीदचाचा सारंग धक्क्याच्या पायरीवर बसून श्वासाच्या नळीचं रबर पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न विचारणारा होता शार्दूल देवस्थळी. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून हा गडी माडबेटावर आला होता, कशासाठी, तर पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणणारा वाटाड्या व्हायला. सहा महिने चाचांच्या हाताखाली घासले. लेखी परीक्षेत शंभरपैकी शंभर पाडले. आता राहिली होती ती प्रमाणपत्रावर चाचांची सही. ती झाली की हंगामाचं काम पक्कं. नाही झाली तर गाशा गुंडाळून पुण्याला परत, आणि तिथे वडील "मी म्हटलंच होतं" म्हणायला टपून बसलेले.

आणि नेमकं आदल्या संध्याकाळी हे झेंगट.

माडबेटावर रस्ता एकच. धक्क्यापासून वर बारपर्यंत, आणि बारपासून उतारावरून खाली धक्क्यापर्यंत. पोलीसही एकच, हवालदार नाटेकर. उन्हं कलली की ते उताराच्या वळणावर, फणसाखाली, खुर्ची टाकून बसतात. हे बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. शार्दूललाही होतं. तरी हा पठ्ठ्या दोन बिअर रिचवून स्कूटरवरून शीळ घालत उतरला.

नाटेकरांनी त्याला यंत्रात फुंकायला लावलं, आकडा बघितला, किल्ली काढून घेतली आणि खिशाला दोऱ्याने बांधलेल्या हिरव्या पेनाने सावकाश केस लिहिली. शार्दूलने हुज्जत घातली, मग गयावया केली, शेवटी चाचांचं नाव पुढे केलं. नाटेकर म्हणाले, मला पोहायला चाचांनीच शिकवलं, तुमचा नमस्कार सांगतो त्यांना.

म्हणून आता तो इथे उभा होता. चाचांनी एक शब्द टाकला तर नाटेकर तो कागद फाडतील, असं त्याचं म्हणणं. दोन बिअरनी आपल्याला काही होत नाही, होणारे लोक वेगळे, आपण किती प्यायलो ते आपल्याला आतून बरोबर कळतं, हेही त्याने सांगून टाकलं. आणि जाता जाता, म्हणजे सहज, तेवढी सही...

चाचांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. खिशातून पेनाचं टोपण चांगलं वर आलेलं दिसत होतं.

"पेन नाही," ते म्हणाले.

शार्दूल त्या टोपणाकडे बघत राहिला.

"परवा सकाळी ये. तोवर एक थेंब नाही."

"कुठे जायचंय?"

"काळ्या कड्याला."

शार्दूलची कळी खुलली. काळा कडा म्हणजे चाळीस मीटर. तो आजवर तीसच्या खाली उतरला नव्हता. तेवढ्या खोलीवर टाकीतली साधी हवाच माणसाला दारूसारखी चढते आणि वर येऊ लागलं की आपोआप उतरते, हे त्याला पाठ होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नच होता. पण ते होणारे लोकही वेगळे, असं त्याचं मत होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर होडी कड्यापाशी थांबली. चाचांनी पाण्यात लिहायची पांढरी पाटी आणि पेन्सिल काढली. खाली पोचल्यावर तीन गोष्टी लिहायच्या, म्हणाले. वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे. आपल्या स्कूटरचा नंबर. आणि तू ठीक आहेस की नाही.

एवढंच? शार्दूलला हसू आलं. हे तर बालवाडीतलं पोरही लिहील.

चाचांनी मनगटावरच्या घड्याळात गजर लावला. मग पाण्यात उतरायच्या आधीच त्यांनी आपला डावा हात शार्दूलच्या तोंडातल्या नळीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. शार्दूलला ते जरा अपमानाचं वाटलं. सहा महिने झाले, अजून आपल्याला धरून नेतात.

दोघे दोराने उतरले. वीस मीटर, तीस मीटर. पाणी निळं होत होत सावळं झालं. चाळीसवर पोचल्यावर शार्दूलला फार म्हणजे फारच छान वाटलं. सगळं स्वच्छ दिसत होतं, सगळं समजत होतं. त्याने पाटी घेतली आणि झरझर लिहून काढली. शेवटी खाली रेघाही मारल्या. मग चाचांनी पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला आपणही काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात कपारीतून एक भला मोठा गोबरा मासा बाहेर आला. तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय... बिचाऱ्याचा जीव गुदमरतोय, हे शार्दूलच्या ताबडतोब लक्षात आलं. त्याने आपल्या तोंडातली नळी काढून माशाला द्यायला हात घातला.

नळी हलेना. चाचांचा हात तिच्यावर होता.

घड्याळाचा गजर वाजला. चाचांनी अंगठा वर केला, आणि दोघे वर निघाले.

पंधरा मीटरवर शार्दूलला मासा आठवला आणि पाण्यातही त्याचे कान गरम झाले. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, त्याने ठरवलं. पण पाटी चोख होती. पाटीबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

धक्क्यावर नाटेकर उभे होते, एका हातात स्कूटरची किल्ली. कागद कोर्टात रवाना झाला, सोमवारी हजर राहा, गाडी तुमची तुम्ही घ्या, असं त्यांनी सांगितलं. शार्दूलने किल्ली घेतली आणि चाचांकडे बघितलं. चाचा त्यांच्याशी त्या कागदाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. शार्दूलला नुसतं विचारलं,

"पाटी कशी लिहिलीस?"

"एकदम बरोबर."

"नक्की?"

"शंभर टक्के."

चाचांनी पाटी नाटेकरांच्या हातात दिली. नाटेकरांनी चष्मा लावला आणि पंचनामा वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"वीस. एकोणीस. अठरा. अठरा. अठरा. सात. एकोणीस." ते थांबले. "पुढे आकडे नाहीत. पुढे एक फूल काढलंय."

शार्दूल पुढे सरकला.

"स्कूटरचा नंबर." नाटेकरांनी पाटी जरा लांब धरली. "हा दहा आकडी आहे. हा मोबाईल नंबर आहे, साहेब. कोणाचा?"

शार्दूलने वाकून बघितलं. "आईचा," तो हळूच म्हणाला.

"आणि इथे लिहिलंय, मी एकदम ठीक आहे. खाली दोन रेघा. अक्षर काय सुरेख आहे हो."

होडीवाला खो खो हसत सुटला. नाटेकरांच्या मिशाही हलल्या. शार्दूलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सही गेली, काम गेलं, आता पुण्याची बॅग भरायची, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"मागे पण आहे," नाटेकर म्हणाले आणि त्यांनी पाटी उलटी केली. त्यांचा आवाज एकदम बदलला. "वीस. एकोणीस. सतरा. सतरा. चौदा..."

ते अक्षर चाचांचं होतं.

धक्क्यावर कुणी हसलं नाही. शार्दूल पाटीकडे बघत होता, मग चाचांकडे. चाचा निवांतपणे पायातले पाण्याचे बूट काढत होते.

"चाचा... तुम्हालाही चढली होती?"

"चाळीस वर्षं चढतेय."

"तिथे असताना कळलं तुम्हाला?"

"नाही."

"मग मी नळी काढायला लागलो तेव्हा तुम्ही हात कसा धरलात?"

चाचांनी बुटातलं पाणी ओतलं.

"तेव्हा नाही धरला. वर, होडीतच धरला होता."

होडीला लाटा लागत होत्या. नाटेकर पाटी पुसायची की ठेवायची या विचारात पडले होते.

त्या संध्याकाळी बारमध्ये शार्दूलच्या मित्राचा वाढदिवस होता. जायचं ठरलेलं होतं, आणि पिणंही होणारच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याने मुठीतली किल्ली बघितली. मग ती नाटेकरांच्या हातात परत ठेवली.

"उद्या सकाळी नेतो," तो म्हणाला. "मागितली तरी आज देऊ नका."

नाटेकरांनी किल्ली खिशात टाकली.

शार्दूल टाक्या उचलायला वळला. सहीबद्दल विचारायचा त्याला आता धीर नव्हता. चाचांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला, गुडघ्यावर पसरला, आणि हात पुढे केला.

"नाटेकर, त्याची केस लिहिलीस ते पेन दे."