थेंबात मावेल तेवढंच

नगर आटपाट नव्हतं आणि तिथे राजाही नव्हता. तळ्याकाठी एक बाग होती आणि बागेच्या मागच्या भिंतीला टेकून माळ्याची एक खोली होती. तिथे वेणू, तिची आई आणि आबा राहायचे. आबा म्हणजे वेणूचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी ती बाग राखली. मग श्रावणात ते शिडीवरून पडले, कंबरेला मार बसला आणि पाय कायमचे रुसले. आता बागेचं काम आई करायची, आणि घरात तिघांत मिळून दोन भाकऱ्या असायच्या.

भाकरीचं वेणूला एवढं वाटत नव्हतं. तिला आबांचं वाईट वाटायचं. खोलीला खिडकी होती, पण ती रस्त्याच्या बाजूला. आईनं कुणाकडून तरी चाकांची खुर्ची मागून आणली होती, तर आबा तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

"चाळीस वर्षं स्वतःच्या पायांनी फिरलो त्या बागेत. आता गाड्यावरच्या केळ्यांसारखा जाऊ?" असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून निजले. दिवाळी सरली, थंडी पडली, तरी त्यांनी कूस बदलली नाही. जेवण चार घासांवर आलं. चाराचे दोन झाले, त्या दिवशी आई चुलीपाशी हळूच रडली आणि वेणूने ते पाहिलं.

आबांना दवाचं फार वेड. म्हणून वेणूने अळवाचं पान खुडलं आणि त्यावरचा टपोरा थेंब दोन्ही हातांवर तोलत त्यांच्यासाठी आणला. उंबऱ्यातच तो घरंगळला.

"अळवावरचं पाणी ते," आबा भिंतीशीच बोलले. "कुणाच्या हाती लागलंय?"

मग फोटो काढून न्यावा, असं वेणूच्या मनात आलं. पण आईचा तडा गेलेला मोबाइल थेंबाच्या जवळ नेला की सगळं धुरकट व्हायचं, आणि लांब धरला की थेंबच दिसायचा नाही. परवा बागेत आलेले एक फोटोवाले काका म्हणाले होते, "पाण्यात ग्लिसरीन घालून फवारायचं गं. थेंब दुपारपर्यंत जागचे हलत नाहीत." थेंब हललाच नाही तर चित्रही धुरकट होणार नाही, असं वेणूला वाटलं. ग्लिसरीन घरात होतं, आईच्या भेगाळलेल्या टाचांसाठी. वेणूने संध्याकाळी अर्धी बाटली पाण्यात ओतली आणि अळू, जास्वंद, गुलाब, सगळ्यांवर ते पाणी फवारलं.

सकाळी उजाडता उजाडता ती बागेत पोचली. थेंब खरंच हलत नव्हते. अळवावरच्या सगळ्यात मोठ्या थेंबात मात्र काहीतरी चंदेरी फडफडत होतं. वेणू वाकली. मोहरीएवढी एक परी होती आणि तिचे इवलेसे पंख पाकात पडलेल्या माशीसारखे चिकटले होते.

"हे कसलं पाणी म्हणायचं?" परी म्हणाली. ती रागावली नव्हती, फक्त दमली होती. "रात्रभर पाय उचलतेय, पाय काही सुटत नाही. माझ्या बहिणीही अडकल्यात गुलाबावर."

वेणूचा चेहरा उतरला. "मीच फवारलं ते. चुकलं माझं."

ऊन भिंतीवर यायला थोडाच वेळ उरला होता. पान न् पान धुवायचं म्हणजे आजचा फोटो गेलाच. वेणूला रडू आलं, पण तिने मोबाइल खिशात टाकला आणि झारी उचलली. पाणी बर्फगार होतं. तिची बोटं बधिर झाली, नाक गळायला लागलं, तरी एक पान तिने सोडलं नाही. एकेका पाकळीवरून निळ्या, पिवळ्या, गुलाबी चिमुकल्या पऱ्या भुर्रकन उडाल्या.

पहिली परी मागे थांबली. "काय हवं ते माग. नियम दोनच. थेंबात मावेल तेवढंच मागायचं, आणि ऊन भिंतीवर चढायच्या आत."

"आमच्या आबांचे पाय बरे होऊ देत."

"पाय थेंबात मावत नाहीत गं, बाळा." परीला खरंच वाईट वाटलं.

वेणू खाली मान घालून उभी राहिली. समोर अळवाच्या टोकाला झारीच्या पाण्याचा एक स्वच्छ थेंब लोंबत होता. त्याच्यात लालचुटूक जास्वंद होती, विहीर होती, बांबूचं फाटक होतं. सगळं एवढंएवढंसं, आणि सगळं उलटं.

"मग बाग दे," वेणू म्हणाली. "अख्खी. ती आधीच मावलीय की यात."

परी खुदकन हसली. तिने वेणूला खिशातला मोबाइल काढायला लावला आणि दवाचा एक बारीक थेंब त्याच्या कॅमेऱ्याच्या काचेवर ठेवला. "आता जा जवळ. कोपरं बरगड्यांना टेकव, श्वास धर. एकदाच हं."

धुरकट चित्र हळूहळू निवळलं. वेणूने श्वास धरला आणि बटण दाबलं. तेवढ्यात ऊन भिंतीवर चढलं, थेंबात सातही रंग पेटले, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

"आबा, हे बघा तरी."

आबांनी बऱ्याच वेळाने कूस बदलली. मोबाइल नाकाशी धरला. "उलटी आहे बाग," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाइल फिरवला. त्यांचा अंगठा काचेवरून हळूहळू फिरत राहिला, आणि एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही जास्वंद कुणी छाटली नाही? खालच्या फांदीला पांढरी कीड लागलीय. तुझ्या आईला दिसत नाही का?"

"मलाही नाही दिसली, आबा. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

आबा उठून बसले. "ती खुर्ची कुठं ठेवलीय?"

"आधी भाकरी," आई दारातून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

आबांनी दीड भाकरी खाल्ली. उरलेली अर्धी आईने आणि वेणूने वाटून घेतली, आणि दोघींची पोटं त्या दिवशी भरली. मग चाकं कुरकुरत बागेत गेली, आणि दुपारपर्यंत आबा सगळ्यांना रागावत होते.

ही थेंबाएवढी कहाणी, दव वाळायच्या आत सांगून झाली.