कुदळीच्या आधी वीट

"आता सांगा बाबा, यात पाणी शिरणार तरी कुठून?"

बाबांच्या हाताखाली वीजकाम शिकणाऱ्या रेवणनं कमरेवर हात ठेवून विचारलं. मठाच्या मुख्य बोर्डापासून आवाराच्या टोकाला असलेल्या सुतारशाळेपर्यंत त्यानं जमिनीखालून केबल नेली होती. दोन हात खोल चर, तळाला वाळू, केबलभोवती जाड पाइप, पाइपची दोन्ही तोंडं रबर लावून घट्ट बंद. वरची माती चोपून अशी सारखी केली होती, की चर कुठून गेला हे मुंगीलाही कळू नये.

बाबा संन्यास घेण्याआधी लाइनमन होते. त्यांचं दीक्षेचं नाव आता कुणाला आठवत नसे. गाव त्यांना तारबाबाच म्हणे. त्यांच्या कफनीच्या खिशात एक जुना टेस्टर असे. ज्याला ते तो देतील, तो एकट्यानं काम करायला लायक. सहा वर्षांत त्यांनी तो कुणालाच दिला नव्हता. रेवणचा सारा जीव त्या टेस्टरमध्ये अडकला होता, आणि आज तो मिळणारच अशी त्याची खात्री होती.

"केबलवर विटा नाही रचल्यास?" बाबांनी विचारलं.

"विटांनी काय पाणी अडतं?"

"नाही अडत."

"मग?"

बाबा उठले, मुख्य बोर्डाकडे एक चक्कर मारून आले.

सुतारशाळेतली घरघरणारी करवत थांबली. चहाची वेळ झाली असेल, असं रेवणला वाटलं.

तेवढ्यात मठाची बाग बघणारी भिवराबाई लिंबाचं रोप घेऊन आली. खांद्यावर कुदळ.

"बाबा, हे कुठं लावू?"

बाबांनी बोट दाखवलं. "तिथं. माती हलकी लागेल."

भिवराबाईनं कुदळ उगारली.

"थांबा मावशी! खाली केबल आहे!"

रेवणनं धावत जाऊन कुदळीचा दांडाच धरला.

"अगं बाई!" भिवराबाई मागं सरली. "मला रे काय ठाऊक? वर तर काहीच दिसत नाही."

रेवण बाबांवर उखडला. "तुम्हाला माहीत होतं! मी ओरडलो नसतो तर?"

बाबांनी खिशातून मुख्य बोर्डाचा फ्यूज काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"आज मी होतो," ते म्हणाले.

...

रेवणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं फावडं उचललं.

उरलेला दिवस चर पुन्हा उकरण्यात गेला. पाइपवर वाळू, वाळूवर एकाला एक लागून विटा, बोर्डापासून थेट सुतारशाळेच्या भिंतीपर्यंत. मग माती. लिंबाचं रोप भिवराबाईनं पलीकडे विहिरीजवळ लावलं. ऊन उतरता उतरता रेवणनं फ्यूज बसवला आणि करवत सुरू झाली.

जमीन सकाळसारखीच सपाट दिसत होती. इतक्या घामाचं कुठं नावनिशाण नाही, हे पाहून त्याला जरा वाईटच वाटलं.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आता खाली विटा आहेत हे तरी कुणाला दिसणार?"

बाबांनी टेस्टर काढून त्याच्या खिशाला अडकवला.

"ज्याची कुदळ पडेल, त्याला."